मार्चच्या बर्फातला कावळा आणि १२४ दिवसांचं गणित

काऊचं घर शेणाचं, चिऊचं घर मेणाचं ही गोष्ट मी मुलीला शंभर वेळा तरी सांगितली असेल, पण कावळ्याचा आणि शेणाचा खरा संबंध मला कळला तो न्यूयॉर्क राज्यात, मार्चच्या पहिल्या शनिवारी, पोटरीपर्यंत बर्फात उभं राहून. न्यूयॉर्क म्हणजे ते उंच बिल्डिंगांचं शहर नाही हां, तिथून गाडीने चार-पाच तास वर, फिंगर लेक्स म्हणतात तो भाग, सगळीकडे मका आणि डेअऱ्या. आमच्या रस्त्यावर एक डेअरीवाले आजोबा राहतात, त्यांनी आदल्या दिवशी ट्रॅक्टरने शेतात शेण पसरलं होतं, म्हणजे चित्र असं की नजर जाईल तिथवर पांढरं आणि मधोमध एक लांबलचक तपकिरी पट्टा, अजून थोडी वाफ येत असलेला, आणि त्या पट्ट्यावर साठ-सत्तर कावळे पंगतीला बसल्यासारखे. आजोबा म्हणाले उद्या मी यांच्या शिकारीला बसणार आहे, बघायला यायचं तर ये, फक्त घरातली एक पांढरी चादर घेऊन ये.

फोटो घरच्या ग्रुपवर टाकला तर लगेच तीन प्रश्न आले. आत्याचा, "कावळे मारतात? अरे पितर असतात ते." मामेभावाचा, "खातात का?" आणि वकील असलेल्या मित्राचा, "परवानगी असते का याला?" तिन्ही प्रश्न बरोबर आहेत आणि तिन्हीची उत्तरं एकमेकांत अडकलेली आहेत, म्हणून जरा नीट लिहितो. वकिलाचं आधी घेतो कारण सगळ्यात गंमत तिथेच आहे.

अमेरिकेत पक्ष्यांना संरक्षण देणारा मोठा कायदा १९१८ चा, मायग्रेटरी बर्ड ट्रीटी ॲक्ट, स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांसाठी. तो कॅनडाबरोबरच्या करारातून आला, पण त्यात कावळा नव्हताच. कावळा म्हणजे मका उपटणारा, बदकांची अंडी खाणारा, शेतकऱ्याचा आणि शिकाऱ्याचा दोघांचाही दुश्मन, त्याला कसलं संरक्षण असा तेव्हाचा हिशोब. १९३० आणि ४० च्या दशकात इलिनॉय, ओक्लाहोमा अशा राज्यांत कावळे रात्री जिथे हजारोंनी झोपायला येतात त्या झाडांत चक्क डायनामाइट लावून उडवायचे, आणि हे कोणी टवाळ पोरं नाही तर सरकारी खात्याची माणसं करायची. मग मार्च १९७२ मध्ये मेक्सिकोबरोबरचा जुना करार दुरुस्त झाला आणि गरुड, ससाणे, घुबडं यांच्याबरोबर कावळ्याचं अख्खं खानदान संरक्षित यादीत गेलं.

आता इथे एक योगायोग बघा, मला फार आवडतो हा. त्याच १९७२ सालच्या सप्टेंबरमध्ये आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि त्यात आपल्या साध्या गावकावळ्याला टाकलं पाचव्या परिशिष्टात, म्हणजे उंदीर-घुशींच्या रांगेत, उपद्रवी म्हणून. एकाच वर्षात एका देशात कावळा वर चढला आणि ज्या देशात श्राद्धाला त्याची वाट बघत ताटकळत बसतात तिथे तो कागदावर खाली उतरला. आपलं ते उपद्रवी परिशिष्ट २०२२ च्या दुरुस्तीत गेलं, म्हणजे पन्नास वर्षं लागली.

तर अमेरिकेत संरक्षण मिळालं पण शेपटी लावून. केंद्र सरकारने राज्यांना सांगितलं की तुम्हाला कावळ्याच्या शिकारीचा सीझन ठेवायचा तर ठेवा, पण एका वर्षात १२४ दिवसांपेक्षा जास्त नाही, घरटी करण्याचा ऐन काळ असेल तेव्हा नाही, विमानातून नाही, आणि मारायचं तर बंदूक, धनुष्यबाण किंवा पाळलेला ससाणा एवढ्यानेच. बास, बाकी तुमचं तुम्ही बघा.

हे १२४ दिवस कसे वापरायचे यात प्रत्येक राज्याची डोकॅलिटी दिसते. मिशिगनने दोन तुकडे केले, ऑगस्ट-सप्टेंबर आणि फेब्रुवारी-मार्च, मोजून बघा, ६१ आणि ५९, झाले १२०. न्यूयॉर्कने वेगळीच युक्ती काढली, सीझन १ सप्टेंबर ते ३१ मार्च म्हणजे २१२ दिवस, हे तर मर्यादेच्या कितीतरी बाहेर, म्हणून शिकार फक्त शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सोमवार. आठवड्यातले सातपैकी चार, हिशोब १२१ च्या आसपास येतो, बसलं गणित. मंगळ, बुध, गुरू कावळ्यांना अभय. आजोबांचं ठाम मत आहे की त्यांच्या शेतातल्या कावळ्यांना वार कळतात, मंगळवारी गोठ्याच्या छपरावर येऊन बसतात आणि शुक्रवारी रस्त्यापलीकडे. मी यावर हसलो होतो, नंतर जे वाचलं त्यानंतर थोडं कमी हसतो.

पण दोन्ही राज्यांचा शेवट बघा, ३१ मार्च. तिथेच का अडतं हे समजायला कावळ्याचं वर्ष कसं जातं ते बघावं लागेल, कारण हा सगळा खेळ त्या वर्षाच्या एका बारीक फटीत चालतो.

इथला कावळा म्हणजे अमेरिकन क्रो, आपल्या गावकावळ्यासारखी राखाडी मान नाही, नखशिखांत काळा, दिसायला आपल्या डोमकावळ्याच्या जवळचा, वजन साधारण अर्धा किलो. हिवाळ्यात कॅनडातले कावळे खाली येतात आणि स्थानिक कावळ्यांत मिसळतात, दिवसा शेतात चरायचं आणि संध्याकाळी सगळ्यांनी एका ठिकाणी झोपायला जमायचं, ज्याला आपले पक्षीवाले रातथारा म्हणतात. आमच्या जवळचं ऑबर्न नावाचं छोटं शहर यासाठी प्रसिद्ध आहे, किंवा बदनाम म्हणा, तिथे काही हिवाळ्यांत पन्नास हजारांच्या वर कावळे मोजले गेलेत. शहरात का, तर दिव्यांचा उजेड असतो म्हणून घुबड लांबून दिसतं, थोडी ऊब असते, आणि शहराच्या हद्दीत गोळी चालत नाही. खाली फुटपाथची काय अवस्था होत असेल ती तुम्ही कल्पना करा.

फेब्रुवारी सरत आला की हे मोडायला लागतं. दिवस मोठा होतो, रात्री गोठतं आणि दुपारी वितळतं, मेपलच्या झाडांना रस चढतो आणि लोक झाडांना नळ्या लावायला लागतात, आणि त्याच दिवसांत कॅनडावाले कावळे उत्तरेकडे सरकायला लागतात. इथल्या कायमच्या जोड्या आपापल्या इलाख्यात जास्त वेळ घालवतात, मार्चच्या मध्यापासून काटक्या गोळा करायला सुरुवात, एप्रिलमध्ये अंडी, चार-पाच, साधारण अठरा दिवस उबवणं. म्हणजे कायद्यातलं ते "घरटी करण्याचा ऐन काळ नको" वाक्य दारात येऊन उभं राहतं. ३१ मार्चची रेघ म्हणजे कावळा काटक्या आणतोय पण अंडी अजून व्हायची आहेत अशी अगदी काठावरची रेघ आहे. कोकणात म्हातारी माणसं मे महिन्यात कावळ्याने घरटं कुठल्या झाडावर बांधलं यावरून पावसाचा अंदाज सांगतात ना, इथे त्याच घरट्यावरून शिकारीचं कॅलेंडर ठरलंय.

आणि या फटीत कावळा भुकेला असतो, हा दुसरा भाग. सप्टेंबरात शेतभर मक्याचे दाणे, किडे, टोळ, बेडूक, काय हवं ते. मार्चच्या सुरुवातीला जमीन दगड झालेली आणि वर दीड-दोन फूट बर्फ, आणि तो बर्फही साधा नाही, दुपारी वितळून रात्री पुन्हा गोठल्याने वरचा थर पापडासारखा कडक होतो, पाय टाकला की कर्रकन फुटतो आणि माणूस आत जातो. कावळ्याला उकरून काही मिळत नाही. मग उरतं काय, रस्त्यावर गाडीखाली आलेली हरणं, हिवाळा न काढता आल्याने जंगलात मेलेली हरणं, आणि शेण. गाईला मका खायला घालतात, त्यातले बरेच दाणे न पचता तसेच बाहेर येतात, शेण काळपट असल्यामुळे ऊन धरतं, खालचा बर्फ वितळतो, म्हणजे पांढऱ्या वाळवंटात एकमेव गरम जेवणाचं ताट. शेण कुठे पसरलंय ते कळलं की कावळे कुठे असतील ते कळलं, आजोबांच्या शिकारीतली निम्मी अक्कल एवढीच आहे. (शेजारच्या व्हर्माँट राज्यात १५ डिसेंबर ते १ एप्रिल शेण पसरायलाच बंदी असते, वितळणाऱ्या पाण्याबरोबर ते तळ्यांत जातं म्हणून, त्यामुळे तिकडच्या शिकाऱ्याला हरणावर नजर ठेवावी लागते.)

आता तुम्ही म्हणाल भुकेला कावळा, पांढऱ्यावर काळा, लपायला झाडाला पान नाही, मग काय अवघड आहे. अवघड हे आहे की तुम्हीही पांढऱ्यावर काळे असता. आणि मार्चचा कावळा सप्टेंबरच्या कावळ्यापेक्षा शहाणा असतो. सप्टेंबरात जे उडताना दिसतात त्यातले बरेच त्याच उन्हाळ्यात जन्मलेले, त्यांना काही कळत नाही, नकली आवाज केला की येतात बिचारे. मार्चपर्यंत जे कच्चे होते ते घुबडाने, थंडीने, गाड्यांनी आणि बंदुकीने गाळलेले असतात, आणि उरलेल्यांनी सहा महिने शुक्रवार ते सोमवार गोळ्या ऐकलेल्या असतात. शिकारी लोक त्यांना शिकलेले कावळे म्हणतात, आणि ही नुसती कौतुकाची बोलणी नाहीत, याला प्रयोगांचा आधार आहे.

सिएटलच्या वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीतले जॉन मार्झलफ, त्यांनी २००६ मध्ये गुहेतल्या आदिमानवाचा रबरी मुखवटा घालून कॅम्पसवरचे सात कावळे पकडले, पायात कडी घातली आणि सोडून दिलं. नंतर तोच मुखवटा घालून कोणी फिरलं की कावळे अंगावर ओरडत यायचे, आणि तुलनेसाठी डिक चेनी यांचा मुखवटा ठेवला होता, तेव्हाचे उपराष्ट्रपती, त्यांच्याकडे कोणी ढुंकून बघत नव्हतं. खरी गंमत पुढे आहे, वर्षं गेली तशी ओरडणाऱ्यांची संख्या वाढत गेली, म्हणजे ज्यांना कधी पकडलंच नव्हतं, किंवा जे तेव्हा जन्मलेही नव्हते, तेही शिकले, आईबापांकडून आणि शेजाऱ्यांकडून. आमच्याकडे इथाकाला कॉर्नेल युनिव्हर्सिटीच्या केव्हिन मॅकगोवन यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून वर्षानुवर्षं कावळ्यांवर काम केलं, घरट्यांपर्यंत चढून पिल्लांना खुणा लावल्या, त्यामुळे गावातले कावळे त्यांना चेहऱ्याने ओळखून शिव्या घालायचे, शेवटी शेंगदाणे वाटून त्यांना तह करावा लागला. त्यांच्याच कामातून हेही कळतं की इथली पिल्लं मोठी झाली तरी वर्षानुवर्षं आईबापांजवळ राहतात, पुढच्या भावंडांना भरवायला मदत करतात, म्हणजे एकत्र कुटुंब, काका-आत्यांसकट. अशा घरात एकाला कळलेली गोष्ट सगळ्यांना कळायला कितीसा वेळ लागतो.

तर अशा प्राण्याला जवळ आणायचं कसं? खायला दाखवून येत नाही, कारण खाणं समोर असतंच. त्याला आणायचं ते भांडणाने. आणि भांडण कोणाशी, तर घुबडाशी.

हे आपल्याकडेही पाहिलेलं असेल, दिवसाढवळ्या घुबड बाहेर दिसलं की कावळे आजूबाजूच्यांना बोलावून बोलावून त्याला टोचत हाकलतात. इथलं घुबड म्हणजे ग्रेट हॉर्न्ड आउल, डोक्यावर शिंगांसारखी पिसं असलेलं दांडगं घुबड, ते रात्री झोपलेला कावळा फांदीवरून उचलतं, दिवसा कावळा त्याचा सूड काढतो. त्यात भर म्हणजे हे घुबड स्वतःचं घरटं बांधतच नाही, ससाण्याचं नाहीतर कावळ्याचं जुनं बळकावतं आणि ऐन थंडीत, जानेवारी-फेब्रुवारीतच अंडी घालतं. म्हणजे मार्चमध्ये कावळा घर बघायला निघतो तेव्हा शेजारी हा भाडेकरू पिल्लांसकट बसलेला. त्या दिवसांत घुबड दिसलं तर कावळ्याला राग येणं समजण्यासारखं आहे, आणि शिकारी त्याच रागावर जगतो.

शनिवारी आम्ही सूर्य उगवायच्या आधी निघालो, उणे नऊ होतं. आजोबांनी कुंपणाच्या खांबावर प्लास्टिकचं घुबड बसवलं, त्याच्यासमोर बर्फावर आठ नकली कावळे, आणि एक नववा काठीने उचलून उघड्या मेपलच्या फांदीत अडकवला. तो कशाला म्हटलं तर म्हणाले राखणदार, खऱ्या थव्यात एक तरी वर बसलेला असतोच, तो नसेल तर बाकीचे विचार करतात की हे काय गौडबंगाल आहे. प्रत्येक नकली कावळ्याचं तोंड वाऱ्याकडे, कारण पक्षी वाऱ्याकडे तोंड करूनच बसतो. मग खिशातून जुना मोजा काढून प्रत्येकाच्या पाठीवरचं दंव पुसलं, ते मला फार बारकाईचं वाटलं, पण ऊन आल्यावर एक पुसायचा राहिलेला होता तो आरशासारखा चमकायला लागला तेव्हा कळलं. नव्वद यार्डांवरून मलाच दिसत होतं, कावळ्याला किती लांबून दिसलं असतं.

लपायला एका पडक्या कुंपणाची भिंत आणि माझी चादर. चादरीचा विचार साधा आहे, जंगलातले हिरवे-तपकिरी कपडे बर्फात काही कामाचे नाहीत. पण चेहरा उघडा राहिला तर सगळं फुकट, म्हणून आजोबांनी उशीच्या अभ्र्याला डोळ्यांची भोकं पाडून ठेवलेली, दोघं तसे बसलो, कोणी बघितलं असतं तर दोन भुतं न्याहारीची वाट बघतायत असं वाटलं असतं. सूर्य आमच्या पाठीशी, म्हणजे येणाऱ्या कावळ्याच्या डोळ्यांवर. बंदूक त्यांची, साधी बारा बोअर, आणि त्यात बारीक छऱ्यांची काडतुसं. मी बंदूक हातात घेतली नाही, माझ्याकडे लायसन्स नाही, आणि असतं तरी घेतली असती की नाही माहीत नाही, आत्या डोक्यात होती.

आवाज काढायला बऱ्याच राज्यांत बॅटरीवरचा स्पीकर चालतो, त्यात शेकडो आवाज भरलेले असतात, पण गोठत्या थंडीत बॅटरी लवकर बसते आणि आजोबांना तसाही लाकडी कॉलच आवडतो, बोटाएवढी नळी, आत पत्ती. फुंकायची नाही, त्यात गुरगुरायचं, पोटातून. पहिले लांब काव, काव, मग घाईघाईचे, तुटक, चिडलेले, म्हणजे इथे घुबड सापडलंय रे, या. अर्धा मिनिट. मग शांत. फार वेळ ओरडत बसायचं नाही, कारण खरे कावळेही मध्ये श्वास घेतात.

मिनिटभरात दोन आले, आणि अजिबात न ओरडता. हे मला अपेक्षित नव्हतं. झाडांच्या वरून नुसते दोन काळे ठिपके, मग एकदम डोक्यावर. पंखांचा फस् फस् आवाज ऐकू आला एवढे जवळ. आजोबांनी चादर टाकली, एक पडला. बर्फावर पडतानाचा आवाज एखादं भिजलेलं टॉवेल टाकल्यासारखा. मग पाच-सहा ओरडत आले, त्यांच्यात गोंधळ, तीन बार, आणखी एक. तिसरा जाता जाता. सगळं मिळून चार मिनिटं असतील, सात काडतुसं, तीन कावळे. आणि मग आकाशात खूप उंच, बंदुकीच्या टप्प्याच्या कितीतरी वर, वीस-पंचवीस जमले, दोन गोल चकरा मारल्या आणि पूर्वेकडे निघून गेले. आजोबांनी लगेच उठून पडलेले तिन्ही उचलले. कारण विचारलं तर म्हणाले मेलेला कावळा उताणा दिसला की इथे पुढचा महिनाभर कोणी उतरत नाही.

हेही नुसतं अनुभवाचं नाही. मार्झलफ यांच्याच हाताखाली केली स्विफ्ट यांनी २०१५ मध्ये छापलेला प्रयोग आहे, मुखवटा घातलेला माणूस हातात मेलेला कावळा घेऊन उभा राहिला की जिवंत कावळे जमून कल्ला करायचे, आणि पुढचे काही दिवस त्या जागी खाणं ठेवलं तरी यायला कचरायचे. लोक याला कावळ्याची मयत म्हणतात, पण दुखवट्यापेक्षा हा पंचनामा जास्त वाटतो, कोण मेला, कुठे मेला, जवळ कोण उभं होतं. म्हणून एका जागी पंधरा-वीस मिनिटं झाली की शिकारी गाशा गुंडाळतो आणि तीन-चार मैल पुढे जातो. आम्हीही गेलो, दुसऱ्या जागी एकही आला नाही, तासभर बोटं गोठवून परत आलो.

सावधगिरीचं थोडक्यात सांगतो, कारण हे वाचून कोणी बंदूक घेऊन निघणार नाही हे मला माहीत आहे. बर्फात धडपडलं आणि नळीच्या तोंडात बर्फ गेला तर ती झाडल्यावर फाटू शकते, म्हणून दर वेळी काडतुसं काढून नळीतून आरपार बघायचं. गोठलेल्या जमिनीवरून छरे उसळतात. घरापासून ५०० फुटांच्या आत बार काढायचा नाही, असा इथला नियम. आणि रेव्हन मारायचा नाही, हा कावळ्याचा मोठा भाऊ, न्यूयॉर्कमध्ये त्याला सीझनच नाही, त्याची शेपटी पाचरीसारखी निमुळती, आवाज घशातून खर्जात. मेलेला पक्षी हातमोज्याशिवाय उचलायचा नाही, कारण २०२२ पासून इथल्या जंगली पक्ष्यांत बर्ड फ्लू फिरतोय आणि कावळा मेलेली बदकं खातो.

आजारावरून आठवलं, कावळ्यांचं खरं शिरकाण बंदुकीने नाही तर डासाने केलं. १९९९ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्क शहरात कावळे धडाधड मरायला लागले, ब्राँक्स प्राणिसंग्रहालयाजवळही पडलेले सापडले, आणि त्यातून कळलं की वेस्ट नाईल व्हायरस अमेरिकेत पोहोचलाय. हा कावळा त्या व्हायरसला इतका नाजूक की लागण झालेला जवळपास वाचतच नाही, काही भागांत संख्या निम्म्यावर आली. तरी आज सगळे मिळून अडीच-तीन कोटींच्या घरात आहेत.

त्यामुळे सीझनभर वीकेंडला बसणाऱ्या लोकांनी एवढ्या कोटींना काही फरक पडत नाही, कावळ्याच्या शापाने गाय मरत नाही तसं गाईवाल्याच्या बंदुकीने कावळाही संपत नाही. एखादी जोडी तुटली तरी मदतीला बसलेल्या तरुणांपैकी किंवा बाहेरचा कोणीतरी जागा भरतो. पण "पीक वाचवायला मारतो" हे जे कारण सगळे देतात ते मला पटत नाही, आणि मी ते आजोबांना तोंडावर सांगितलं. मका उगवतो मे महिन्यात, कावळा कोवळी रोपं उपटतो तेव्हा. शिकार बंद होते मार्चला. आणि मार्चच्या सुरुवातीला शेणावर बसलेल्या थव्यातले बरेच कॅनडाचे पाहुणे, ते मेपर्यंत इथे नसतातच. म्हणजे चोर गेला गावाला आणि आपण मारतोय पाहुण्याला. मे महिन्यात खरंच नुकसान होत असेल तर त्यासाठी केंद्राचा वेगळा नियम आहे, त्याचा या सीझनशी संबंध नाही. आजोबा थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, खरं सांगू का, मला ते येतात तेव्हा आवडतं. मला हे उत्तर पिकाच्या उत्तरापेक्षा प्रामाणिक वाटलं, जरी आवडलं नाही.

मामेभावाचं उत्तर त्यातच आलं. बहुतेक जण खात नाहीत. थोडे लोक छातीचं मांस काढून शिजवतात, चव गडद, बदकासारखी असते असं ऐकलंय. ज्यांना हरीण मारून फ्रीझर भरणारा शिकारी चालतो त्यांनाही कावळा मारून टाकून देणारा चालत नाही, आणि इथला वाद तिथेच पेटतो. ऑबर्नला २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत टीम पाडून, जास्तीत जास्त कावळे मारणाऱ्याला बक्षीस अशी स्पर्धा व्हायची, त्यावर देशभर गदारोळ झाला होता. अशा बक्षिसाच्या स्पर्धा बंद करणाऱ्या न्यूयॉर्कच्या कायद्यावर डिसेंबर २०२३ मध्ये सही झाली आणि नोव्हेंबर २०२४ पासून तो लागू आहे. शिकार चालू आहे, मोजून बक्षीस नाही.

राहिली आत्या. तिला मी फोन करून सगळं सांगितलं, तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, ते तिघं कोणाचे कोण होते काही कळलं का? मी म्हटलं कॅनडाचे असतील. तर म्हणे मग तिकडे कोणाचं तरी पान अडलं असेल.

एप्रिलच्या पहिल्या रविवारी मुलीला घेऊन दूध आणायला आजोबांकडे गेलो, बर्फ फक्त कुंपणाच्या सावलीत उरला होता आणि बाकी सगळा चिखल. गोठ्यामागच्या स्प्रूसच्या झाडात एक जोडी घरटं बांधत होती. एक कावळा मेपलची वाळकी काटकी चोचीने वाकवून वाकवून मोडत होता, मोडली की हातभर लांब घेऊन आत शिरत होता, आणि दुसरा गाईंच्या कुंपणाच्या तारेला अडकलेले केसांचे पुंजके ओढून काढत होता, आत मऊ अंथरायला. आजोबा खिशात हात घालून बघत उभे होते. मुलीने पाच मिनिटं निरखून बघितलं आणि मग माझ्याकडे वळून जरा संशयानेच म्हणाली, "बाबा, शेण तर तो घेतच नाहीये."